आवाज फाटतो कुठे?

मंडळी, गाडीत आवाज फाटायला लागला की पहिला आळ येतो स्पीकरवर. लोक नवे स्पीकर बसवतात, ते चार दिवस बरे वाजतात आणि मग पुन्हा तेच रडगाणं. बहुतेक वेळा स्पीकर बिचारा निर्दोष असतो. त्याच्यापर्यंत येणारा सिग्नलच वाटेत फाटलेला असतो आणि त्यात आपण वर ढकललेल्या इक्वलायझरचा, म्हणजे वेगवेगळ्या सुरांचा जोर कमीजास्त करणाऱ्या स्लायडरांचा, मोठा हात असतो.

हिशोब बघा. एखादा बँड, म्हणजे सुरांचा एक पट्टा, ३ डेसिबलने वाढवला की त्या बँडपुरती सिग्नल मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पला दुप्पट ताकद लावावी लागते. ६ ने वाढवला तर चौपट, आणि बास थेट १२ वर नेला तर जवळपास सोळापट! ही ताकद आणायची कुठून? इंजिन चालू असताना गाडीत मिळतात १४ व्होल्टच्या आसपास. डेकच्या, म्हणजे गाडीतल्या म्युझिक प्लेअरच्या, पोटातला अ‍ॅम्प तेवढ्यावरच चालतो आणि ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ असे साधारण २० वॉट देतो. खोक्यावर मात्र ‘५० वॉट × ४’ छापलेलं असतं. मला ही सरळसरळ ग्राहकाची दिशाभूल वाटते.

मागणी कुवतीबाहेर गेली की तरंगाचे माथे सपाट छाटले जातात. हेच क्लिपिंग. त्यातून मूळ गाण्यात नसलेले वरचे सूर जन्माला येतात आणि ते जातात ट्विटरकडे, म्हणजे उंच सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरकडे. म्हणूनच वाढवलेला असतो बास आणि जळतो ट्विटर.

वेगळा अ‍ॅम्प असेल तर आधी गेन लावून घ्या. डेकमधून येणाऱ्या व्होल्टेजशी अ‍ॅम्पचं माप जुळवायला गेन दिलेला असतो. आवाज वाढवायला व्हॉल्यूम आहेच. इक्वलायझर शून्यावर, लाउडनेस आणि बास बूस्ट बंद, व्हॉल्यूम पाऊण, स्पीकरच्या तारा सोडवलेल्या. मग १ किलोहर्ट्झचा टेस्ट टोन लावा, सबवूफरसाठी (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर) ५० हर्ट्झचा, आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या आउटपुटला लावा. ४ ओहमला ७५ वॉट हवे असतील तर ७५ गुणिले ४ म्हणजे ३००, त्याचं वर्गमूळ १७.३. तेवढे व्होल्ट दिसले की थांबा. मल्टिमीटरला छाटलेला माथा दिसत नाही; तरंगाचा आकार दाखवणारा ऑसिलोस्कोप मिळाला तर उत्तमच.

आता इक्वलायझर. माझा आग्रह एकच: आधी कमी करून बघा. मघाशी बाहेरच्या गाडीत आपण लावणी लावली होती. ढोलकी घुमत होती, बाईंचे शब्द तिच्यामागे दबले होते. आपण ना ट्रेबल वाढवला, ना व्हॉल्यूम. १६० हर्ट्झचा बँड फक्त ४ डेसिबलने खाली आणला आणि शब्द मोकळे झाले, थापेची कड तशीच राहिली. दाराच्या पॅनेलवर तळहात ठेवलात तेव्हा तिथली थरथरही कमी झालेली जाणवली असेल.

बंद केबिन खालचे सूर मुळातच उचलून धरते, त्यामुळे तिथे भर घालायची गरज फारशी नसते. दाराच्या स्पीकरला ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास, म्हणजे त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर, लावा, खालचं काम सबवूफरला द्या. एखादा बँड कितीही वाढवून भरत नसेल तर दोन स्पीकरचे तरंग तिथे एकमेकांना खोडत असण्याची शक्यता मोठी. तिथे स्लायडर वर नेऊन फक्त अ‍ॅम्प दमतो. पोलॅरिटी (स्पीकरच्या + आणि − तारा उलट तर नाहीत ना) आणि डिले (एका स्पीकरचा आवाज किती उशिरा सोडला जातो) तपासा.

आणि फोनमधला इक्वलायझर बंद ठेवा. तिथेच सिग्नल छाटला गेला, तर पुढचा कितीही महागडा अ‍ॅम्प तो सांधू शकत नाही.