मांडवीवरची मांडवी

नमस्कार श्रोतेहो.

३१ वर्षं मी वास्कोत मालाचे कागद केले. क्लिअरिंग एजंटच्या हापिसातला कारकून. बोट मुरगांवच्या धक्क्याला लागली की आधी तिचा मेनिफेस्ट, मग बिल ऑफ एन्ट्री, मग एक सही, मग दुसरी सही, आणि दुसऱ्या सहीचा साहेब नेमका जेवायला गेलेला. संध्याकाळी घरी बायको विचारायची, आज काय काम केलंत? मी म्हणायचो, थांबलो. थट्टा वाटेल, पण आमच्या धंद्याचं खरं वर्णन तेच. जकात किती हे दरपत्रकात छापलेलं असतं, त्यात काही गूढ नाही. व्यापाऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं ते डॅमरेजमुळे. माल धक्क्यावर पडून राहिला की रोजचं भाडं चढत जातं. खोळंब्याचा आकडा कधी कधी जकातीच्या आकड्याला गाठायला येतो.

निवृत्त झाल्यावर फावल्या वेळात पोर्तुगीज अमदानीतल्या जकातीबद्दल वाचायला लागलो, आणि हा माझा ओळखीचा खोळंबा मला थेट सोळाव्या शतकात भेटला.

त्या काळच्या दर्यावर एक कागद चालायचा. पोर्तुगीज त्याला कार्ताझ म्हणत. शब्द मूळचा अरबी, किर्तास, म्हणजे नुसता कागद. १५०२ च्या सुमारास, वास्को द गामाच्या दुसऱ्या सफरीच्या वेळी, याची सुरुवात झाली आणि १५१० साली आल्बुकेर्कने गोवा घेतल्यावर तिचा कारभार बनला. हिंदी महासागरात व्यापाराला निघालेल्या प्रत्येक गलबताजवळ हा परवाना असलाच पाहिजे. त्यात नाखवाचं नाव, गलबत केवढं, माणसं किती, हत्यारं कोणती, निघालं कुठून, जाणार कुठे, हे सगळं लिहिलेलं. काय न्यायचं नाही तेही लिहिलेलं. मिरीवर राजाची मक्तेदारी, म्हणून मिरी नाही. तुर्कांना बसवायचं नाही. परवाना नसलेलं गलबत फिरंग्यांच्या आरमाराला सापडलं तर मालासकट जप्त, आणि माणसांचं नशीब सांगायला नको.

आता गंमत बघा. या कागदाची फी अगदी किरकोळ होती. मग फिरंग्यांचा फायदा कशात? कागदावर एक अट असायची, की वाटेत आमच्या ठाण्यावर यायचं आणि जकात भरायची. गोवा, दीव, होर्मुझ, जे ठरलं असेल ते. म्हणजे गुजरातचा व्यापारी तांबड्या समुद्राकडे सरळ निघाला असता, त्याला वाकडी वाट करून फिरंग्याच्या दारात उभं राहणं भाग पडलं. आणि शिडाच्या गलबताला वाकडी वाट म्हणजे नुसती चार दिवसांची गोष्ट नसते. वारा चुकला की मोसम चुकला. मोसम चुकला की वर्ष गेलं. आमचं डॅमरेज दिवसाचं, त्यांचं वर्षाचं.

बादशहाच्या घरचीही यातून सुटका नव्हती. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ साली हजला निघाली. सुरतेला येऊन पोचली आणि तिथेच जवळजवळ वर्षभर अडकून पडली, कारण परवान्याचा घोळ मिटेना. हिंदुस्थानच्या बादशहाची आत्या, बरोबर जनाना, आणि सगळे एका कागदाची वाट बघतायत! मला खरं सांगायचं तर त्या सुरतेच्या बंदरावरच्या कारकुनाची कीव येते. त्याला दोन्हीकडून शिव्या खाव्या लागल्या असणार.

आणि कागद घेतला म्हणजे जीव सुरक्षित, असंही नाही. १६१३ मध्ये जहांगीरच्या आईचं रहिमी नावाचं मोठं जहाज परवाना जवळ असताना पोर्तुगीजांनी पकडलं. जहांगीर इतका भडकला की त्याने दमणला वेढा घालायला फौज पाठवली आणि आग्र्याचं जेझुइट चर्च बंद करून टाकलं. ज्याने परवाना मानलाच नाही, त्या मलबारच्या कुंजाली मरक्काराला तर १६०० मध्ये इथे गोव्यात आणून मारलं. पुढे कान्होजी आंग्रे कोकण किनाऱ्यावर स्वतःचं दस्तक देऊ लागले, तेव्हा इंग्रज त्यांना चाचा, म्हणजे दर्यावरचा लुटारू, म्हणू लागले. तोच धंदा, तोच कागद. फरक एवढाच की सही मराठ्याची.

हे सगळे कारभार जिथून चालत, त्या जागेला पोर्तुगीजांचा शब्द आल्फांदेगा. तोही अरबीतूनच आलेला. फुंदुक म्हणजे वखार, सराई. आणि आपला मराठी शब्द कोणता? मांडवी. जुन्या मराठीत मांडवी म्हणजे जकातीची जागा, जिथे माल उतरवून त्यावर जकात घेतात. मुंबईतली मांडवी तीच. आपल्या नदीचं नावही यावरूनच पडलं असं काही जण मानतात. मला ते पटतं, पण माझ्या पटण्याला विचारतो कोण. पणजीत मांडवीकाठी ती निळी इमारत आहे, जिथे आता कस्टम्सचं संग्रहालय आहे, ती पूर्वीची आल्फांदेगा. मांडवीवरची मांडवी! तस्करांनी माल लपवायच्या काय काय शकला काढल्या ते तिथे मांडून ठेवलंय. मुलांना घेऊन जरूर जा.

या आल्फांदेग्यातली एक गोष्ट मला फार विचित्र वाटते. सरकार स्वतः सगळी जकात गोळा करत नसे. बऱ्याच करांचे मक्ते द्यायचे. ठरलेली रक्कम सरकारात भरायची, पुढचं तुमचं तुम्ही बघा. त्याला रेंद म्हणत. माडाला चढून सूर, म्हणजे माडी, काढणाऱ्याला आपण रेंदेर म्हणतो, तो शब्द याच रेंदेतून आला असं सांगतात. आणि सतराव्या शतकात हे मक्ते घेणारे बहुतेक कोण? हिंदू व्यापारी, त्यात सारस्वत पुष्कळ. एका बाजूला १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, चाललेलं, हिंदूंना लग्नमुंजी करायला नदीपार जावं लागतंय, आणि दुसऱ्या बाजूला खजिन्याच्या चाव्या त्यांच्याच कनवटीला. पैशाच्या बाबतीत फिरंग्यांनी धर्म जरा बाजूला ठेवला होता, एवढं कबूल करायला हवं.

आता मी माझ्या गावाकडे येतो, म्हणजे मिठाकडे. मी पेडण्यातल्या आगरवाड्याचा. आगर म्हणजे मिठागर, ते गावाच्या नावातच आहे. समोर शापोरा नदी, नदीपलीकडे बार्देश. आज पुलावरून दोन मिनिटांत पलीकडे जातो, पण शिवाजी महाराजांच्या काळी ही नदी म्हणजे सरहद्द होती. अलीकडे कुडाळ प्रांत, पलीकडे फिरंगी. १६७१ साली महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना एक पत्र लिहिलं. मुद्दा असा, की बार्देशचं मीठ स्वस्त पडतं म्हणून व्यापारी तिकडे वळतायत आणि आपल्या संगमेश्वराकडचं मीठ पडून राहतंय. तेव्हा बार्देशच्या मिठावर जबर जकात बसवा, दोन्हीकडचा भाव जमवून आणा. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं हे पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठलो. आम्ही हापिसात ज्याला अँटी-डम्पिंग म्हणायचो आणि त्याची परिपत्रकं आली की कपाळाला हात लावायचो, ते हेच!

बार्देशच्या स्वस्त मिठाचं दुखणं पुढे इंग्रजांनाही झालं. त्यांच्या मुलखात मिठावर भारी कर. शेजारी गोव्यात मीठ स्वस्त. मग डोक्यावरून, बैलावरून, मचव्यातून ते सरहद्दीपार जाणारच, कितीही पहारे ठेवा. तेव्हा इंग्रजांनी चोर पकडायचं सोडून मिठागरच हातात घ्यायचं ठरवलं. २६ डिसेंबर १८७८ ला पोर्तुगालशी तह झाला आणि १८८० च्या जानेवारीपासून तो अमलात आला. दोन्ही मुलखांत एकच जकात, मधला जकातीचा पट्टा काढून टाकला. मुरगांव बंदर आणि तिथून घाटावर जाणारी रेल्वे हेही याच तहाचं पोर. आणि गोव्याच्या मिठाचा ताबा इंग्रजांकडे. बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये.

कागदावर बघितलं तर काय वाईट आहे? सरहद्दीवरचा खोळंबा गेला, गाठोडी सोडायची कटकट गेली. पण तो खोळंबा तिथून उठला आणि आमच्या आगरात येऊन बसला. कुणी मीठ काढायचं, किती काढायचं, कुठे ठेवायचं, याला परवानगी लागू लागली. समुद्र आपला, ऊन आपलं, कोंडीत पाणी घेणारे हात मीठगावड्यांचे, आणि वाफ्यातून मीठ ओढायचं तर आधी साहेबाकडे बघायचं. दारातलं मीठ महाग झालं. सुरेवर आबकारी आली, तिने रेंदेराचं कंबरडं मोडलं. पुष्कळ लोकांनी मुंबईची वाट धरली. ४ लाख पणजीच्या तिजोरीत गेले, त्यातले आगरवाड्यात किती आले ते विचारू नका. जानेवारी १८९२ मध्ये मुदत संपली आणि तह पुन्हा कुणी केला नाही.

तह गेला, पण रेल्वे आणि बंदर राहिलं. सरहद्दीवरचे नाके परत उभे राहिले. घाटाखाली कुळ्याला पोर्तुगीजांची झडती, घाटावर कॅसलरॉकला इंग्रजांची, आणि दोन झडत्यांच्या मध्ये दूधसागर. निदान बघायला काहीतरी होतं.

आमच्या बाजूला रेल्वे नव्हती, तेरेखोल नदीवरची तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, होती. किरणपाणीला होडीत बसायचं, आरोंद्याला उतरायचं. आरोंदा म्हणजे माझ्या आजीचं माहेर. माहेरी जायचं तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात, आणि येताना किरणपाणीला गार्दासमोर, म्हणजे नाक्यावरच्या पोर्तुगीज पहारेकऱ्यासमोर, गाठोडं सोडायचं. माहेरचं नवं लुगडं गाठोड्यात दिसलं की त्यावर जकात. म्हणून आजी येताना नवं लुगडं नेसायची आणि त्यावर जुनं. मे महिन्यात. तिच्या काळातल्या सगळ्याच माहेरवाशिणी येताना जाड दिसायच्या, असं ती सांगायची. गार्दाला कळत नव्हतं असं नाही. पण कुणाच्या अंगावरचं लुगडं मोजणार तो?

मग १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. भारताने नाकेबंदी आवळली, रेल्वे थांबली, होडी थांबली. त्या वर्षांत गोव्यात बटाटे हॉलंडहून यायचे, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून. माझा जन्म त्याच वर्षीचा, तेव्हा मीही हॉलंडच्या बटाट्यावर वाढलो म्हणायला हरकत नाही. आरोंदा होडीने जेमतेम अर्ध्या तासावर, पण आजीला सहा-सात वर्षं माहेर दिसलं नाही. नदीकाठी उभं राहिलं की पलीकडचे माड दिसायचे.

मुक्ती झाली १९६१ च्या डिसेंबरात. त्यानंतर दोनेक वर्षांनी आजी मला घेऊन आरोंद्याला गेली. परतताना किरणपाणीला उतरलो. मी पुढे पळालो, आणि वळून बघतो तर ही काठावर बसलेली, गाठोड्याची गाठ सोडून. होडीवाला म्हणाला, "काकी, चला की. आता कोण बघणार नाही."

आजी थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग पदराने घाम पुसत म्हणाली, "कोण बघणार नाही? मग मेल्या, ही दोन लुगडी मी कशाला नेसले?"

नमस्कार.