न्हाणीघरातला १२ व्होल्टचा दिवा

श्रोतेहो, नमस्कार.

न्हाणीघराच्या छतात बसवलेले छोटे गोल दिवे आता पुष्कळ घरांत दिसतात, आणि ते बसवताना एक वाक्य हमखास कानावर पडते: "बारा व्होल्टचा तर आहे, त्याला काय होतंय?" हे वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. १२ हा आकडा आपले रक्षण करतो तो काही अटींवर, आणि त्यांतल्या बहुतेक अटी छताच्या वर, नजरेआड ठेवलेल्या, घरातल्या २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशी निगडित असतात. म्हणून आजचे बोलणे दिव्यापेक्षा त्या ट्रान्सफॉर्मरविषयी अधिक आहे.

आधी शरीराचा हिशेब पाहू. कोरड्या कातडीचा विजेला होणारा विरोध बराच मोठा, कित्येक हजार ओहमचा असू शकतो. पण अंग ओले झाले की तो झपाट्याने उतरतो आणि ढोबळमानाने १,००० ओहम धरून चालावे लागते. अशा ओल्या अंगाला २३० व्होल्टचा स्पर्श झाला, तर सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह शरीरातून जाईल. १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आवळले जाऊन पकडलेली तार सोडवत नाही आणि ३० मिलिअँपिअरच्या पुढे प्रवाह काही काळ टिकला तर जिवाला धोका असतो, हे लक्षात घेतले म्हणजे २३० हा आकडा किती भयंकर आहे ते कळते. हाच हिशेब १२ व्होल्टला लावला तर १२ मिलिअँपिअर येतात. म्हणजे शॉक जाणवेल, दचकायला होईल, हात आवळलाही जाऊ शकतो, पण जीव जाण्याची शक्यता फार कमी. टबाच्या किंवा शॉवरच्या तळाच्या आत, जिथे माणूस अक्षरशः पाण्यात असतो, तिथे १२ व्होल्टपेक्षा अधिक प्रत्यावर्ती (एसी) दाब, म्हणजे व्होल्टेज, चालत नाही, असा आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या मानकांतला नियम आहे, तो याच कारणाने.

पण हे १२ व्होल्ट खरोखर १२ राहतीलच कशावरून? घरात येणाऱ्या विजेची परतीची तार, म्हणजे न्यूट्रल, वाटेत कुठेतरी जमिनीशी जोडलेली असते. त्यामुळे ओली फरशी, नळ, धातूचा पाइप, हे सगळे विजेच्या मंडलाचा अर्धा भाग झालेलेच असतात. उरलेला अर्धा भाग म्हणजे फेज, वीज आणणारी तार, आणि त्याला आपला हात लागला की मंडल पूर्ण होते. सुरक्षा-विलगक ट्रान्सफॉर्मर हे नातेच तोडतो. त्याच्या आत दोन गुंडाळ्या असतात आणि त्यांच्यात तारेचा कुठलाही जोड नसतो. शक्ती पलीकडे जाते ती केवळ चुंबकीय क्षेत्रातून. पलीकडच्या दोन्ही तारांचा जमिनीशी संबंध नसल्यामुळे त्यांतली एखादी ओल्या हाताला लागली तरी प्रवाहाला परत जायला वाटच मिळत नाही. म्हणजे आपल्याला राखणाऱ्या गोष्टी दोन आहेत, कमी दाब आणि विलगता, आणि माझ्या मते दुसरी पहिलीपेक्षा मोठी आहे. विलगता नसेल तर ट्रान्सफॉर्मरमधल्या एका बिघाडाने २३० व्होल्ट सरळ दिव्याच्या धातूपर्यंत पोहोचू शकतात.

इथे फसगत होते ती अशी. एकच गुंडाळी असलेला ऑटोट्रान्सफॉर्मरही व्होल्टेज कमी करतो. एलईडीबरोबर येणारे काही स्वस्त ड्रायव्हरही, म्हणजे तिला वीज पुरवणारे छोटे खोके, ते कमी करतात, पण त्यांच्या आत विलगता नसते. दिवा छान लागतो, बाहेरून काही वेगळे दिसत नाही, आणि एलईडीच्या पट्टीची एक बाजू मात्र थेट मुख्य वाहिनीला जोडलेली राहते. ओळखायचे कसे, तर खोक्यावरच्या खुणा वाचून. एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळे आणि त्यांभोवती ढालीसारखी रेघ, ही सुरक्षा-विलगक ट्रान्सफॉर्मरची खूण. दिव्यावर चौकोन टोकावर उभा करून त्यात रोमन तीनचा आकडा काढलेला असतो. तो दिवा केवळ अशाच विलग पुरवठ्यावर चालवायचा असतो. खोक्यावर नुसते "आउटपुट १२ व्होल्ट" लिहिले आहे आणि खूण नाही, तर ती वस्तू न्हाणीघरासाठी घेऊ नये. चार पैसे वाचवायला घरात दुसऱ्या जागा पुष्कळ असतात.

एक चूक तर निव्वळ चांगुलपणातून होते. अर्थिंग म्हणजे सुरक्षितता, हे आपल्या मनावर इतके बिंबलेले असते की काही जण १२ व्होल्टच्या दोन तारांपैकी एक उत्साहाने अर्थला जोडून टाकतात. तसे केले की जमिनीशी तोडलेले नाते पुन्हा जुळते आणि विलगता संपते. ट्रान्सफॉर्मरचे खोके धातूचे असेल आणि त्यावर अर्थचा खिळा दिलेला असेल, तर त्या खोक्याला अर्थिंग अवश्य द्यावे; पलीकडच्या बाजूला मात्र ते करू नये.

आता दुसरा धोका, ज्याचा शॉकशी काही संबंध नाही. दाब कमी केला की तेवढ्याच उजेडासाठी प्रवाह वाढवावा लागतो. ५० वॉटचे चार हॅलोजन दिवे २३० व्होल्टवर मिळून पाऊण अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह घेतात. तेच १२ व्होल्टवर जवळजवळ १७ अँपिअर घेतात. प्रवाह १९ पट, आणि तारेत होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे त्याच तारेत ती ३६० पटींहून अधिक. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार दहा मीटर लांब नेली, तर जाऊन-येऊन चार व्होल्ट तारेतच खर्च होतात आणि दिवे मरतुकडे जळतात. म्हणून १२ व्होल्टची तार जाड आणि शक्य तितकी आखूड ठेवायची असते.

माझ्याच घरात असे झाले. आरशावरचा एक हॅलोजन दिवा मध्येच मंद होई आणि पुन्हा पेटे. दोनदा बल्ब बदलला, उपयोग झाला नाही. शेवटी मेन स्विच बंद करून दिवा खाली ओढला, तेव्हा जोडपट्टीचे पांढरे प्लॅस्टिक बिस्किटासारखे तपकिरी पडून ठिसूळ झालेले होते, एक स्क्रू बोटाने फिरत होता आणि तारेचे शेवटचे बोटभर टोक काळे झाले होते. सैल जोडातून चार अँपिअर जात होते आणि तो जोड महिनोन्महिने तापत होता. विशेष म्हणजे एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, एकदाही पडला नव्हता, आणि त्याची चूकही नव्हती. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे काय तापते आहे ते त्याला दिसतच नाही. त्याच्या बाजूने प्रवाह पाव अँपिअरहूनही कमी असतो. परावर्तकाच्या हॅलोजन दिव्यांची बरीचशी उष्णता मागच्या बाजूने छताच्या पोकळीत जाते, हेही ध्यानात ठेवावे. ट्रान्सफॉर्मर दिव्याच्या पाठीशी टेकून किंवा कापसासारख्या उष्णतारोधक थरात पुरून ठेवू नये. त्याला हवा लागली पाहिजे आणि तो हाताने काढता आला पाहिजे.

जागेचे नियम थोडक्यात सांगतो. टबाचा किंवा शॉवरच्या तळाचा आतला भाग हा शून्य विभाग, त्याच्या वर सव्वादोन मीटर उंचीपर्यंतचा पहिला विभाग, आणि त्याला लागून ६० सेंटिमीटरचा दुसरा. खोलगट तळ नसलेल्या शॉवरला पहिला विभाग पाण्याच्या तोंडापासून १.२ मीटरपर्यंत धरतात. शून्य विभागातला दिवा पाण्यात बुडाला तरी चालणारा, म्हणजे आयपीएक्स७ दर्जाचा हवा. बाकी दोन विभागांत किमान आयपीएक्स४, म्हणजे चहूबाजूंनी उडणारे पाणी सोसणारा. ट्रान्सफॉर्मर, साधे स्विच आणि साधी सॉकेट या तिन्ही विभागांच्या बाहेर असावीत.

जुने हॅलोजन काढून एलईडी लावणे उत्तमच. ५ वॉटच्या चार एलईडींना १७ ऐवजी पावणेदोन अँपिअर पुरतात. पण जुन्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरना बहुधा किमान भार लागतो, तो न मिळाल्यास नवे दिवे लुकलुकतात किंवा लागतच नाहीत. अशा वेळी दिव्याला दोष न देता ट्रान्सफॉर्मरही बदलावा.

राहता राहिला आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीकडे गळू लागली की ती तोडणारा स्विच. १२ व्होल्टच्या विलग बाजूवर तो काही पाहू शकत नाही आणि तिथे त्याची गरजही नाही. पण त्याच न्हाणीघरात गिझर असतो, पंखा असतो, आणि त्यांच्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असलाच पाहिजे. तो गळणारा प्रवाह ओळखून सेकंदाच्या अंशात वीज तोडतो. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आला तर त्याच्या दृष्टीने ते एक साधे उपकरणच असते. त्याच्यावर 'टी' अक्षराचे एक बटण असते. दर काही महिन्यांनी ते दाबावे. खटकन आवाज होऊन वीज गेली नाही, तर तो आरसीसीबी बदलून होईपर्यंत गिझर बंद ठेवावा.

नमस्कार.