एक तारीख, दोन कायदे: गोव्यात नागरिकत्व कसं बदललं

(दृश्य: पणजी, मांडवीचा काठ, पहाटेची फेरीबोट)

19 डिसेंबर 1961. रात्री पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी भारतीय लष्करापुढे शरणागती पत्करली आणि 451 वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. जमिनीचा निकाल दोन दिवसांत लागला. माणसं कोणत्या देशाची, हे ठरवणारा कागद यायला तीन महिने लागले.

(दृश्य: जुन्या राजपत्राची पानं)

मार्च 1962 मध्ये गोवा, दमण आणि दीवसाठी नागरिकत्वाचा आदेश निघाला. आधार होता 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 7. नवा प्रदेश देशात आला, की तिथले कोण नागरिक होणार हे या कलमाखाली केंद्र सरकार ठरवतं. आदेशाचं जाळं मोठं होतं. 20 डिसेंबर 1961 च्या आधी जो स्वतः या प्रदेशात जन्मला, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी, आजी-आजोबांपैकी एकजण जरी तिथे जन्मला, तो त्या दिवसापासून भारतीय. अर्ज नाही, शपथ नाही. जुनं राष्ट्रीयत्व ठेवायचं असेल, तर महिन्याभरात लेखी कळवायचं. गप्प राहिलेला प्रत्येकजण भारतीय धरला गेला.

ज्यांनी लेखी कळवलं, त्यांतले एक होते धर्मगुरू रेमेदियुश मोंतेरो. परदेशी म्हणून त्यांची नोंद झाली आणि गोव्यात राहण्याचा परवाना मिळाला. नोव्हेंबर 1964 मध्ये परवान्याची मुदत संपली, त्यांनी तो वाढवून घेतला नाही, आणि खटला उभा राहिला. गोवा हा लष्करानं व्यापलेला प्रदेश आहे, म्हणून व्यापलेल्या प्रदेशातल्या नागरिकांना जपणाऱ्या जिनिव्हा कराराचं संरक्षण आपल्याला आहे, असा त्यांचा बचाव होता. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला. प्रदेश देशात सामील झाला, तिथेच लष्करी ताबा संपला.

(दृश्य: मतपत्रिका, एकीकडे फूल, दुसरीकडे दोन पानं)

राष्ट्रीयत्वाबद्दल मत विचारलं गेलं नव्हतं. ओळखीबद्दल मात्र विचारलं गेलं, 16 जानेवारी 1967 रोजी. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. फुलाला 1,38,170 मतं पडली, दोन पानांना 1,72,191. फरक 34,021 मतांचा. महाराष्ट्रात हा निकाल आजही कोकणी विरुद्ध मराठी असा सांगितला जातो, आणि ते अपुरं आहे. मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्या, घरात कोकणी बोलणाऱ्या माणसाला त्या दिवशी दोनच चिन्हांतून निवड करायची होती.

(दृश्य: लिस्बन, नोंदणी कार्यालयाबाहेरची रांग)

तिकडे पोर्तुगालच्या राजधानीनं, लिस्बननं, 1961 चं सत्तांतर मान्यच केलं नव्हतं. एप्रिल 1974 मध्ये तिथली हुकूमशाही कोसळली, आणि 31 डिसेंबर 1974 च्या करारानं पोर्तुगालनं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. जमिनीवरचा दावा सुटला. जन्माची नोंद मात्र राहिली. पोर्तुगीज कायद्याच्या नजरेत 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगीज भूमीवरच जन्मला, आणि त्याच्या मुलांनाही त्या नात्यानं हक्क पोचतो. हिंदू असो, ख्रिस्ती असो, मुसलमान असो.

हक्क वापरायचा तर साखळी जुळवावी लागते. आधी आजोबांच्या जन्मनोंदीची संपूर्ण नक्कल, पोर्तुगीज काळातल्या वहीतून. ती लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात चढवायची. मग आईवडिलांचं लग्न, मग मुलाचा जन्म, मग ओळखपत्र, आणि सगळ्यात शेवटी पासपोर्ट. एक कडी निखळली, की पुढचं सगळं अडतं.

सगळ्यात जास्त अडतं ते नावापाशी. पोर्तुगीज कारकून कानावर पडलेलं आपल्या लिपीत उतरवत. प्रभूचं पोरोबो झालं, कामतचं कामोतीम, पैचं पोई. 'श' साठी एक्स हे अक्षर आलं. 1961 नंतर शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी वळणाचं स्पेलिंग बसलं. आता आजोबा पोरोबो आणि नातू प्रभू, हे एकच कुळ, हे सिद्ध कसं करायचं? दुसरी अडचण लग्नाची. गोव्यात नोंदणीसाठी निबंधकापुढे दोनदा जावं लागतं. पहिली सही करून देवळात विधी उरकले आणि 'दुसरी सही' राहून गेली, तर आईवडिलांचं लग्न वहीत सापडतच नाही. जन्माची नोंद फार उशिरा, मूल सज्ञान झाल्यावर केलेली असेल, तर नात्यावरच शंका घेतली जाते.

(दृश्य: दोन पासपोर्ट, शेजारी शेजारी)

लिस्बनच्या मते ही माणसं जन्मापासूनच पोर्तुगीज. फक्त नोंद आज झाली. दिल्लीचा हिशेब वेगळा. भारताच्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 नुसार परक्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेनं घेतलं, की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं, आणि परदेशी पासपोर्ट काढणं हा नियमांनुसार त्याचा निर्णायक पुरावा. खरा पेच आहे तो, ज्यानं नोंद केली पण पासपोर्ट काढलाच नाही, त्याचा. त्याचं भारतीयत्व गेलं की नाही, हे ठरवायचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. गावकऱ्यांच्या तक्रारीवरून ते ठरत नाही.

पासपोर्ट काढणाऱ्यानं भारतीय पासपोर्ट जमा करायचा, मग परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून मिळणाऱ्या ओसीआय कार्डासाठी अर्ज करायचा. त्या कार्डावर गोव्यात येता येतं, हवं तितकं राहता येतं, घर घेता येतं. वारशानं आलेलं शेतही ठेवता येतं. नवं शेत विकत घेता येत नाही, मतदान करता येत नाही, आणि आपल्याच वाड्यावर पंच म्हणून उभं राहता येत नाही.