हिरव्या खनिजाची नक्कल

नमस्कार, श्रोतेहो. टॉर्बर्नाइट हे क्वचित आढळणारे खनिज आहे. गर्द हिरव्या, चौकोनी चकत्यांचे हे स्फटिक इतके नाजूक असतात की त्यांचे अभ्रकासारखे पापुद्रे सुटतात. त्यांत युरेनियम, तांबे, फॉस्फेट आणि पाणी असते. युरेनियमचे खनिज म्हटले की ते अंधारात हिरवे चमकणार, ही चित्रपटांनी रुजवलेली समजूत मला फार खटकते. याचा हिरवेपणा तांब्याचा आहे, मोरचुदाच्या निळाईसारखा.

प्राणवायू विरघळलेले पाणी जमिनीखालच्या युरेनियमच्या मूळ खनिजापर्यंत झिरपते, युरेनियम त्यात उतरते आणि वाटेत तांबे व फॉस्फेट भेटले की खडकाच्या फटींत टॉर्बर्नाइट तयार होते. कोरड्या हवेत त्याच्यातले पाणी हळूहळू उडून जाते आणि स्फटिक निस्तेज होतात.

आता १८९८ सालच्या पॅरिसमध्ये चला. एका शिक्षणसंस्थेच्या तळमजल्यावरील ओलसर, थंडगार खोलीत मादाम क्यूरी एकेक खनिज विद्युतमापकाखाली ठेवून त्याचा किरणोत्सर्ग मोजत होत्या. टॉर्बर्नाइटला तेव्हा चाल्कोलाइट म्हणत. त्यात युरेनियम निम्म्याच्या आसपास, म्हणून किरणोत्सर्ग शुद्ध युरेनियमपेक्षा कमी भरायला हवा होता. तो भरला दुपटीहून अधिक! मोजणीत चूक तर नाही ना? मग त्यांनी तेच खनिज स्वतः बनवायला घेतले. युरेनियमच्या क्षाराचे द्रावण, फॉस्फरिक आम्लात विरघळवलेले तांब्याचे फॉस्फेट, ५० ते ६० अंशांची ऊब. काही काळाने पात्रात चाल्कोलाइटचेच स्फटिक धरले. घटक तेच, रचना तीच. या नकलेचा किरणोत्सर्ग मात्र युरेनियमच्या अडीचपट कमी निघाला.

लक्षात घ्या, श्रोतेहो: घटक तेच, किरणोत्सर्ग वेगळा. म्हणजे खाणीतल्या खनिजात आणखी काहीतरी दडलेले होते. आपली पाठ्यपुस्तके क्यूरींच्या कष्टांचे वर्णन करतात, पण ही नक्कल करून पाहण्याची बुद्धी मुलांना सांगत नाहीत, याचे मला वाईट वाटते.

त्याच वर्षी जुलैमध्ये पोलोनियमची आणि डिसेंबरमध्ये रेडियमची घोषणा झाली. युरेनियमच्या क्षयातून ही मूलद्रव्ये खनिजात दीर्घकाळ साठत आलेली असतात. प्रयोगशाळेतल्या नकलेत शुद्ध केलेले युरेनियम होते, आणि रेडियम साठण्याइतका काळ तिच्या वाट्याला आलेलाच नव्हता.