बढती मिळाली, रुग्ण दुरावला

नमस्कार, श्रोतेहो. सरकारी रुग्णालयातल्या बढतीचा क्रम आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. आधी अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, मग परिसेविका, म्हणजे आपल्या इन्चार्ज सिस्टर, आणि त्यांच्याही वर अधिसेविका, म्हणजे मेट्रन. जसजशी बढती मिळते, तसतशी रुग्णाची खाट लांब जाते. हातात येतात ड्युटीचे तक्ते, औषधांची मागणीपत्रं, रजेचे अर्ज. अतिदक्षता विभागात उमेदीची वर्षं घालवलेल्या, रुग्णाचा चेहरा बघून धोका ओळखणाऱ्या बाईंच्या हाती आपण स्टोअरच्या किल्ल्या देतो आणि त्याला नेतृत्व म्हणतो!

पण रुग्णापाशी राहूनही पुढे जाता येतं. अमेरिकेत लॉरेटा फोर्ड या परिचारिकेनं १९६५ साली, बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांच्या साथीनं, कोलोरॅडो विद्यापीठात नर्स प्रॅक्टिशनरचं, म्हणजे जादा शिक्षण घेऊन स्वतः रुग्ण तपासणाऱ्या आणि उपचारांचे काही निर्णय घेणाऱ्या परिचारिकेचं, पहिलं प्रशिक्षण सुरू केलं. खेड्यांत डॉक्टर कमी होते. मुलांची तपासणी, नेहमीचे आजार ओळखणं हे अनुभवी परिचारिकेला जमेल, अशी त्यांची खात्री होती. डॉक्टरांपैकी काहींनी विरोध केला तो अपेक्षितच, पण नर्सिंगच्या प्राध्यापकांनीही नाकं मुरडली.

मला मात्र फोर्ड यांचं पुढचं काम अधिक मोलाचं वाटतं. १९७२ मध्ये त्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या नर्सिंग स्कूलच्या पहिल्या डीन झाल्या आणि विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या परिचर्येची सूत्रंही त्यांच्याकडेच आली. शिकवणं, रुग्णसेवा आणि संशोधन वेगळं ठेवायचं नाही, हा त्यांचा आग्रह.

आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा अतिदक्षता नर्स प्रॅक्टिशनरचा २ वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. बी.एस्सी. नर्सिंगनंतर अनुभव घेऊन यायचं आणि बहुतेक वेळ रुग्णापाशीच शिकायचं. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातही नर्स प्रॅक्टिशनरच्या संवर्गाचा उल्लेख आहे. पण त्यासाठी पदं मंजूर व्हावी लागतात, वेतनश्रेणी ठरावी लागते. ते झालं नाही, तर पदवी घेतलेली सिस्टर पुन्हा जुन्याच ड्युटीवर.

‘म्हणजे नर्स आता डॉक्टर होणार का?’ हा प्रश्न हमखास येतो. नाही हो. रुग्णालयानं ठरवून दिलेल्या स्थायी आदेशांच्या, म्हणजे कोणत्या स्थितीत काय करायचं याच्या लेखी सूचनांच्या, चौकटीतच तिनं निर्णय घ्यायचे आहेत. माझं म्हणणं एवढंच, की ते आदेश लिहिताना डॉक्टरांच्या शेजारी तिचीही खुर्ची हवी. रात्री दोन वाजता त्यांवरून निर्णय तिलाच घ्यायचा असतो.