बल्बवाले, मीटरवाले आणि जांबोटीची अर्थ पट्टी

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय गाडीची वायरिंग कशी तपासायची, त्यावर येतोच, पण आधी जांबोटीचा किस्सा, तो ऐकल्याशिवाय मी काय सांगालोय ते डोक्यात बसणार नाही.

आषाढ होता. खानापूर भागातला पाऊस तुम्हाला मी काय सांगू! चोर्ल्याहून येताना जांबोटीत चहाला थांबलो आणि निघताना गाडी सेल्फच घेईना, नुसतं टकटक. महिनाभर हेच चाललेलं, एका गॅरेजवाल्यानं आधी नवी बॅटरी घालायला लावली, मग सेल्फ उतरवून कार्बन बदलले, हजारो रुपये गेले आणि रोग तिथंच. ते पैसे मला अजून सलतात, कारण तेवढ्या वेळात कुणी एकदासुद्धा मीटर, म्हणजे मल्टिमीटर, लावला नव्हता.

सोबत दोन दोस्त. एक उद्यमबागेत कामाला, पक्का बल्बवाला, त्यानं टेस्टिंग बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी इंजिनाला लावली, लख्ख पेटला, "अर्थ ओके हाय की!" अर्थ म्हणजे इंजिनापासून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाणारी वाट. दुसरा मीटरवाला, त्यानं मीटर ओहमवर, म्हणजे वायरीचा अडथळा मोजायच्या जागी, टाकून इंजिन ते बॅटरी निगेटिव्ह मोजलं, 0.3, आणि मीटरचे दोन प्रोब एकमेकाला टेकवले तरी 0.3च, म्हणजे ते 0.3 मीटरच्याच वायरींचे. म्हणजे वायर चांगली यावर दोघांचं एकमत, तरी बल्ब खरा का मीटर खरा यावर छत्रीखाली पाऊण तास भांडण, शेवटी चहावाली मावशी म्हणाली, "आधी गाडी बाजूला ढकला रे, माझी गिऱ्हाईकं भिजालीत."

मी मीटर डीसी 20 व्होल्टवर टाकला, एक प्रोब निगेटिव्ह पोस्टवर, दुसरा इंजिन ब्लॉकवर, आणि म्हटलं मार चावी. 2.8 व्होल्ट! तिथं शून्याच्या जवळपास पाहिजे. खाली वाकून बघितलं तर गिअरबॉक्सजवळची अर्थ पट्टी बोल्टखाली गंजून गेलेली. चाकूनं खरवडली, आवळली, पहिल्या चावीत गाडी चालू.

घड्याळ दाखवालेत, तर भराभर सांगतो. दोघं एकाच कारणानं चुकले. सेल्फ ओढतो दीडशेच्या आसपास अँपिअर, 5 वॅटचा बल्ब जेमतेम 0.4, आणि मीटर ओहमवर धड मिलिअँपिअरसुद्धा सोडत नाही. जॉइंटात 0.02 ओहम असला तर 140 अँपिअरला 2.8 व्होल्ट तिथंच खाल्ले जातात, 0.4 ला फक्त 0.008, बल्बला काय कळणार? म्हणून लोड चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट खाल्ले जातात ते, मोजा. सेल्फ मारताना अर्थच्या बाजूला 0.2 पर्यंत चालतं, पॉझिटिव्हला 0.5 च्या वर गेलं की केबल, टर्मिनल, सोलेनॉइड (सेल्फला करंट सोडणारा स्विच) बघा, आणि खुद्द बॅटरी 9.6 च्या खाली आली तरच बॅटरीवर संशय घ्या, तोही ती आधी फुल चार्ज करून.

बल्बवाल्यांनो, सेन्सरच्या 5 व्होल्टच्या वायरला बल्ब लावू नका, ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जाईल. आणि इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) तपासणं आजपासून बंद करा, व्होल्टेज एकदम उसळतं आणि इलेक्ट्रॉनिक्स जळतं. चार्जिंग बघायचं तर टर्मिनल न काढता मीटर लावा, साधारण 13.8 ते 14.5 आलं की झालं.

बाकीचं बाहेर. कुणाची गाडी सकाळी टकटक करते? बॉनेट उघडा, मीटर खिशात आहे.