खरवसासारख्या जेलमधला स्फटिक

(दृश्य: अंबाजोगाई. एप्रिलची सकाळ. कॉलेजची प्रयोगशाळा. एक विद्यार्थिनी काम करतेय.)

नऊ वाजताच ऊन चटके द्यायला लागलंय. खिडकीला ओलं गोणपाट बांधलंय. माणसं उकाडा सोसतात. गारवा हवाय तो स्टँडमधल्या काचनळ्यांना. त्यांत कॅल्शियम आयोडेटचे, म्हणजे कॅल्शियम आणि आयोडीन असलेल्या एका क्षाराचे, स्फटिक वाढताहेत.

हा पदार्थ तयार करणं तसं दोन मिनिटांचं काम. कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात पोटॅशियम आयोडेटचं द्रावण ओतलं, ढवळलं, की पांढरा साका खाली बसतो. २० अंशांना १०० मिलिलिटर पाण्यात तो जेमतेम पाव ग्रॅम विरघळतो. पण साका म्हणजे नुसती भुकटी. स्फटिक हवा तर दोघांची गाठ सावकाश पडायला हवी.

म्हणून मध्ये जेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारा थलथलीत पदार्थ. सोडियम मेटासिलिकेट आणि अ‍ॅसेटिक आम्ल मिसळून पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, चारच्या आसपास आणतात, त्यातच आयोडेट घालतात. काही दिवसांत ते खरवसासारखं थिजतं. मग वरून कॅल्शियम क्लोराइड. पहिल्या खेपेला या मुलीनं ते मधोमध ओतलं, जेल फाटलं, सगळा आठवडा वाया गेला. आता तिचा हात बघा.

(जवळून: ड्रॉपरचं टोक काचेला टेकलेलं. थेंब कडेनं ओघळतो.)

पाणी डिस्टिल्डच लागतं. इथल्या बोअरच्या पाण्यात मुळातच इतका कॅल्शियम, की तपेल्याला पांढरा थर धरतो.

जेलच्या बारीक छिद्रांतून कॅल्शियम खाली झिरपत जातो. तोंडाशी नुसती गर्दी, धूसर बारीक कण. जसजसं खाली जावं तसे स्फटिक कमी, पण मोठे आणि नितळ. मला या नळीतला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो.

गारव्यात वाढलेला स्फटिक पाण्याचे सहा रेणू धरून बसतो. तापवला की आधी ते पाणी जातं. ५०० अंशांच्या पुढे तो स्वतःच मोडतो आणि आयोडीनची जांभळी वाफ निघते. पाणी गेलेल्या कॅल्शियम आयोडेटच्या वजनात ६५ टक्के आयोडीन! म्हणूनच तो जनावरांच्या खनिज मिश्रणात चिमूटभर घालतात. आपल्या देवणी, लाल कंधारी गाईंनाही आयोडीन लागतंच.

निसर्गात तो सापडतो चिलीच्या अटाकामा वाळवंटात. पाऊस जवळजवळ नाहीच, म्हणून तिथे टिकला.

(जवळून: चिमटा, काळा कागद.)

जेल धुऊन काढलंय. शेजारी पट्टी ठेवली. तीन मिलिमीटर. ती वहीत तारीख लिहिते, आणि पुढच्या नळीकडे वळते.